तुम्ही निरोप पाठवायला हवा होता

प्रिय आई,

काल रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, सासूबाईंबद्दल चार शब्द बोला, म्हणाले. मी उठले, पुढे जाऊन सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले. "माझ्या सासूबाई," एवढं म्हटलं आणि पुढचं काही येईचना. तशीच परत येऊन जागेवर बसले. पाळकसाहेबांनी घाईनं गायन सुरू केलं. लोकांना वाटलं, बाईला रडू आलं.

रडू नव्हतं आलं, आई. राग आला होता. आणि गेलेल्या माणसावर भर उपासनेत रागवायचं कसं, ते मला कळेना. म्हणून आज लिहायला बसले आहे. जे तिथे बोलता आलं नाही ते तुमचं तुम्हालाच सांगते.

लग्न होऊन मी वाशीला आले तेव्हा वाटलं होतं, आपण चुकीच्या गावी उतरलो. इमारती नव्याकोऱ्या, रस्ते हे एवढे रुंद, आणि माणूस दिसायचं नाही. सावलीला झाड नाही. वारा सुटला की खाडीच्या चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात. तुमच्या वसंताला, म्हणजे ह्यांना, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली होती, म्हणून आपलं बिऱ्हाड तिथे. मी जालन्याची, भरल्या घरातली. माझा उतरलेला चेहरा तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलात. म्हणालात, "मलाही करमत नाही इथे. चल, दोघी मिळून कंटाळू."

तुमचं तर सगळं आयुष्य पायी चालण्यात गेलेलं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधून बायबलबाई म्हणून हिंडलात. बायकांना गोष्टी सांगायच्या, गायनं शिकवायची, कुणी आजारी असलं तर उशाशी बसायचं. नवरा लवकर गेला, मुलगा कडेवर घेऊन हिंडलात. आणि म्हातारपणी तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलात, जिथे शेजारच्या दाराची कडीसुद्धा आतून लावलेली.

पण तुम्ही बसणाऱ्यातल्या कुठल्या? महिन्याभरात तुम्हाला इमारतीतल्या सगळ्या बायकांची माहेरं माहीत झाली होती. आपल्या लोकांची मोजकी घरं शोधून काढलीत, आणि प्रत्येक रविवारी एकेकाच्या घरी उपासना सुरू झाली. तेव्हा कुठे होतं चर्च? सतरंजी आपली, पेटी दुसऱ्या कुणाची.

मला मात्र तुमचं एक वाक्य खटकायचं. "प्रभूनं तुला कशासाठी तरी राखून ठेवलंय, सुशीला." भाजी निवडताना म्हणायचात, कपडे वाळत घालताना म्हणायचात. मला राग यायचा. मी एकदा म्हटलंही, "मला स्वयंपाकासाठी राखून ठेवलंय, आई. बाजूला व्हा, पोळी करपतेय." तुम्ही किती हसलात. हे पण हसले, जेवता जेवता.

मला काही मोठं करायचं नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होते, स्थळ आलं, शिक्षण अर्ध्यावर टाकून लग्न केलं. त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. एक मूल हवं होतं, आणि आरशाचं कपाट. बस, माझी प्रार्थना एवढीच असायची.

मग ती दुपार आली.

कंपनीची जीप खाली येऊन उभी राहिली. वर आलेल्या माणसानं जिना चढतानाच डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. दार तुम्ही उघडलंत. तो काही बोलायच्या आत तुम्ही विचारलंत, "दवाखान्यात आहे, की गेला?"

टाकी साफ करायला उतरलेला सोबती वर येईना, हाकेला ओ देईना, म्हणून हे त्याला आणायला खाली उतरले. टाकीत गॅस होता. दोघंही वर आले नाहीत. सकाळी मी डबा दिला होता, तो तसाच भरलेला परत आला. तुम्ही तो घासलात. मला हात लावू दिला नाहीत.

नव्या शहरात आपल्या लोकांसाठी कबरस्थानही नव्हतं. ह्यांना खाडीच्या पुलावरून पलीकडे मुंबईत न्यावं लागलं. गाडीत तुम्ही माझा हात धरून बसला होतात. तुम्ही रडत नव्हतात. सगळे म्हणाले, म्हाताऱ्या बाईचा विश्वास केवढा. आई, तो विश्वास होता का? की तुम्ही माझ्यासाठी रडणं आवरून धरलं होतं? हे मी तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर मी सांगितलं, "मी आता प्रार्थना करणार नाही."

"बरं."

"मला बसायलाही सांगू नका."

"नाही सांगणार. तू चहा टाक, तोवर तुझ्या वाटची मी करते."

तुम्ही तेव्हा भांडला असतात तर बरं झालं असतं. मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

पुढच्या महिन्यात माझा थोरला भाऊ न्यायला आला. माझी पेटी तुम्ही स्वतः भरलीत. साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्यात. भावादेखत मला म्हणालात, "तुझं वय आहे अजून. चांगलं स्थळ आलं तर लग्न कर. मी वाईट वाटून घेणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी आधीही एकटीच होते."

मी गेले नाही. लोक अजून म्हणतात, सुनेनं सासूसाठी केवढा त्याग केला. पाळकसाहेब कालही तेच म्हणाले. तसं काही नव्हतं, तुम्हाला ठाऊक आहे. जालन्याला गेले असते तर सगळ्यांनी मला समजावलं असतं. इथे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त दुःखात होतात, त्यामुळे मला कुणी समजावत नव्हतं. दोघी आपापल्या खाटेवर पडून राहायचो. तेवढंच मला सोसवत होतं.

मी सोसायटीतल्या बालवाडीत मदतनीस म्हणून जायला लागले. तुम्ही मात्र नवीनच खूळ काढलंत. बसने नेरूळच्या बाजूला जायचं आणि तिथून डोंगरात, दगडखाणींवर. मराठवाड्यातली माणसं तिथे ताडपत्र्या टाकून राहायची, बाया दिवसभर खडी फोडायच्या. तुमचे गुडघे धरलेले. एका सुट्टीच्या दिवशी म्हणालात, "चढण आहे गं. हात धरायला ये."

मी आले ती देवासाठी नाही, तुमच्या गुडघ्यांसाठी.

तिथे गोदावरी भेटली. अंबडकडची, माझ्याच वयाची, अंगभर दगडाची पांढरी धूळ. माझे दोन शब्द ऐकले आणि तिनं हातोडी खाली ठेवली. "बाई, तुमी जालन्याकडच्या काय वो?" किती दिवसांनी ती बोली कानावर पडली. मी तिच्याजवळच दगडावर बसले. मग ती म्हणाली, "मंग जरा माझं लेकरू बघता का? कालपासून डोळं उघडीना."

ताडपत्रीखाली झोळीत तिची मुलगी होती. तान्हीच. जुलाब होऊन होऊन डोळे खोल गेलेले. मी पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती जागेवर येईना. ते मला शिकवलेलं होतं. मी मीठ-साखरेचं पाणी केलं, चमच्यानं ओठांवर सोडलं, पण ते गालावरून ओघळून जायचं. खडीचा ट्रक निघाला होता, त्यात ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी चढलो. तुर्भ्याच्या अलीकडेच ती पोर माझ्या मांडीवर गेली. गोदाला कळलं नव्हतं. ती ड्रायव्हरला म्हणत होती, "हळू घ्या वो, लेकरू झोपलंय."

आम्ही परत आलो तेव्हा तुम्ही तशाच उन्हात उभ्या होतात. तुम्ही पोरीला हातात घेतलंत, कोमट पाण्यानं धुतलंत, आणि पिशवीतली तुमची पांढरी साडी फाडून तिच्यात गुंडाळलंत. गोदाची माणसं बौद्ध. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी त्यांच्या रीतीनं वंदना म्हटली. तुम्ही डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यात उभ्या राहिलात.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तुमच्यावर ओरडले. ह्यांच्या जाण्याचा साठलेला सगळा राग त्या दिवशी बाहेर पडला. म्हटलं, "तुमचा प्रभू नेमकं करतो तरी काय?"

तुम्ही पाय चोळत बसला होतात. म्हणालात, "मला माहीत नाही."

"जन्मभर लोकांना सांगत हिंडलात आणि माहीत नाही?"

"त्याचं काय चाललंय ते मला कधीच कळलं नाही, सुशीला. पोरीला दोन दिवस आधी पाणी पाजणारं कुणी असतं तर ती वाचली असती, एवढं मात्र मला कळतं. आणि कसं पाजायचं ते तुला येतं."

"अर्धंच येतं."

"मग राहिलेलं अर्धं शिकून ये."

मला वाटलं, रागाच्या भरातलं बोलणं आहे, विरून जाईल. पण तुम्ही पुढच्याच आठवड्यात एसटीत बसून एकट्या माझ्या जुन्या दवाखान्यात गेलात. मेट्रनबाईंच्या दारात बसून राहिलात. त्या मला नंतर म्हणाल्या, "तुझ्या सासूला नाही म्हणायची सोयच नव्हती." राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्यांनी मला परत घेतलं. मी तुम्हाला एकटीला टाकून जायला तयार नव्हते. तुम्ही म्हणालात, "गोदा येते की अधूनमधून. आणि मी काय कुकुलं बाळ आहे?"

आई, खरं सांगते, ते दिवस चांगले गेले. माझ्याबरोबरच्या मुली माझ्यापेक्षा कितीतरी लहान, मला ताई म्हणायच्या. पहिलं बाळ माझ्या हातावर आलं आणि रडलं, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला वाटलं, हेच. हे मी करू शकते. इतकी वर्षं ज्या वाक्याचा मला राग यायचा, ते पहिल्यांदाच टोचलं नाही. कधी एकदा तुम्हाला हे सांगते असं झालं होतं.

नाताळात मी घरी आले. तुम्ही किती वाळला होतात.

"आई, काय झालंय तुम्हाला?"

"म्हातारी माणसं वाळतातच."

"जेवत नाही का?"

"तुझ्या हातचं नाही ना, म्हणून." आणि तुम्ही माझ्यासमोर करंजी खाल्लीत. अख्खी. मी नर्स होणार होते, आई. माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही ती करंजी गिळलीत आणि मी तुमचं ऐकून गप्प बसले. मी गेल्यावर ती उलटून पडली असेल, हो ना?

तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं. मोठ्या दवाखान्यात जाऊन आला होतात. पोटात गाठ आहे, हात लावण्यापलीकडे गेली आहे, हे डॉक्टरांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. पाळकसाहेबांना माहीत होतं. समोरच्या कुलकर्णीकाकूंना माहीत होतं. गोदाला तर सगळंच माहीत होतं, ती खाणीवरून सुटून रोज तुमच्याकडे यायची, तुमची लुगडी धुवायची. सगळ्यांना तुम्ही बजावून ठेवलं होतंत, सुशीलाला कळता कामा नये. माणसांनी तुमचा शब्द पाळला. ते सगळे अजून माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत.

परीक्षा झाली, पास झाले. कुणाला न सांगता आले, म्हटलं तुम्हाला चकित करावं. दार गोदानं उघडलं. मला बघून ती बाजूला झाली आणि तिनं तोंडात पदर घातला. आत खाटेवर तुम्ही होतात. पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं.

मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. विचारलं, "का लपवलंत?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते."

"म्हणून."

आणि तुम्ही हसलात. आई, त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मी शिक्षण टाकून आले असते, हे खरं आहे. पण येणं न येणं माझं होतं ना? दोन वेळा मी तुमच्यासमोर पेज ठेवली असती, पाठीला तेल लावलं असतं, आपण बोललो असतो. ते दिवस तुम्ही माझ्याकडून काढून घेतलेत आणि म्हणालात, हे तुझ्याच भल्याचं आहे. देवानं ह्यांना नेताना मला विचारलं नाही. तुम्ही तरी विचारायचं होतं. एक निरोप पाठवायचा होता. 'सुशीला, मी जाणार आहे, तू ठरव.' इतकंच. कदाचित मी राहिलेही असते तिथे. तुमच्या म्हणण्याखातर राहिले असते. पण माझ्या मनानं राहिले असते.

शेवटचे थोडे आठवडे आपल्या वाट्याला आले. तुमचे केस विंचरताना हातात यायचे, ते मी तुम्हाला दिसू न देता मुठीत धरायची. एके दुपारी तुम्हाला फार दुखत होतं. तुम्ही म्हणालात, "आज मला जमत नाही. तू कर."

"मला आता येत नाही, आई."

"येतं तेवढं कर."

मी खाटेशी बसले. डोळे मिटले. "प्रभू, ह्यांना फार दुखतंय," म्हटलं. पुढे काही सुचेना. तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत आणि आमेन म्हणालात, जशी काही मी मोठी प्रार्थना केली होती.

तुम्ही गेलात तेव्हाही दुपारच होती. गोदा पाय चेपत होती, मी हात धरून बसले होते. खाली कोळीण ओरडत होती, "म्हावरं घ्या म्हावरं." तुम्ही डोळे उघडून खिडकीकडे पाहिलंत. मला वाटलं, काही म्हणाल. गोदाच आधी म्हणाली, "बाई, पाय गार पडलं वो."

तुम्हालाही पुलावरून पलीकडेच न्यावं लागलं, ह्यांच्या शेजारी. खाणीवरच्या बाया खडीच्या ट्रकमधून आल्या. कुणी अंघोळ करून, कुणी तशीच धुळीची. फाटकातून आत यायला त्या बिचकत होत्या. पाळकसाहेबांनीच जाऊन त्यांना आत आणलं. माती टाकताना त्यांचेच हात सराईत होते.

आता मी सरकारी केंद्रात नर्स आहे. आठवड्यातून दोनदा खाणीवर जाते. तिथे एका पत्र्याच्या खोलीत आमचं काम चालतं. आपल्या बायकांनी चादरी दिल्यात, जुने कपडे दिलेत. गोदा पाणी उकळते, झोपडी-झोपडीत जाऊन पोटुशा बायांना ओढून आणते, न येणाऱ्यांना शिव्या घालते. सगळीच बाळं वाचतात असं नाही. गेल्याच आठवड्यात एक गेलं. पण बरीच वाचतात, आई. माझ्यासमोर धावतात, माझ्या पदराला नाक पुसतात.

लोकांना याचा छान अर्थ लागतो. पाळकीणबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बघ सुशीला, देवाची योजना कशी असते. वसंतराव गेले नसते तर तू या कामात आली असतीस का?" त्यांचं मन चांगलं आहे. पण ह्यांना टाकीत मारून मला नर्स करणारा देव मला नको. तुम्ही असं कधी, एकदाही म्हणाला नाहीत. त्यामुळेच मी तुमच्या देवाशी अजून थोडंफार बोलते. गायनं म्हणत नाही. पत्र्याच्या खोलीत बाळ पहिल्यांदा रडतं तेव्हा मान खाली घालते. बाळंतीण घामानं निथळत असते, गोदा नाळेकडे बघत असते, आणि मी क्षणभर मान खाली घालून उभी असते. माझी उपासना म्हणाल तर सध्या एवढीच. ती तुमच्या प्रभूला चालते का, ते आता तुम्हीच विचारून घ्या.

घरी मात्र अजून दोघींपुरता भात टाकते. सवय जात नाही. उरलेला सकाळी फोडणीला टाकून खाते आणि कामाला निघते.

एक वचन देते, आई. जोवर त्या डोंगरात बाया दगड फोडतायत, तोवर मी इथून हलणार नाही. भावानं पुन्हा स्थळ आणलंय, माणूस बरा आहे म्हणतात. त्यालाही मी हेच सांगणार आहे. यायचं असेल तर इथे या, मी येणार नाही. आणि कुणाचं मूल, कुणाची सासू, कुणाचाही नवरा माझ्या हाताखाली जात असेल, तर त्याच्या माणसाला मी सांगेन. कितीही जड गेलं तरी सांगेन. लपवणार नाही.

तुमच्यावरचा राग मात्र आज सोडत नाही. तो गेला की तुम्ही पुरत्याच गेल्यासारखं होईल, आणि ते मला इतक्यात नको आहे.

तुमची,
सुशीला